चुकलेला नमदा

किरगिझस्तानातल्या नारिनच्या गाडीतळावर माझ्यापुढे रांगेत दोघी उभ्या होत्या, पुढं एक तरुण आणि तिच्यामागे एक म्हातारी. ओळख नव्हती, पण बोलणं सुरू झालं होतं.

"कुठं निघालात, आपा?"

"सुनेच्या माहेरी. तिला आणायला."

"रुसून गेली?"

"मी घालवली. गालिच्यासाठी दोन रंगांचे लोकरीचे नमदे एकावर एक ठेवून कापत होती. सुरी घसरली, दोन्ही वाया गेले. मी तिला आंधळी म्हटलं."

"मग आता?"

"परवा माझीच सुरी घसरली. स्वतःलाही आंधळीच म्हणणार होते. चाळीस वर्षं म्हणत आलेय, सासूनं लावलेली सवय."

"म्हणाला नाहीत?"

"हात थरथरत होता गं. बघून माया आली. स्वतःलाच म्हटलं, असू दे बुरुल, दमलीस, चहा घे. चहा पिताना आठवलं, तिचाही हात असाच थरथरत होता. तिला मी चहा विचारला नव्हता."

"आणि ती आलीच नाही तर?"

"तर स्वतःला शिव्या देत कुढत नाही बसणार. पुढच्या शनिवारी परत जाईन."

"पुढं व्हा, आपा. गाडीत एकच जागा उरलीय. मी मागच्या गाडीनं येते."