गच्चीवरची गंधकाची पेटी

...आणि वर तो साहेब म्हणतो काय, 'हवा उत्तम आहे, बाई!' उत्तम? लालबागला? गिरणीच्या चिमणीखाली? तुम्हाला सांगतो, ते ऐकून आमच्या शेजारच्या कमळाबाईंचं टाळकं असं सटकलं, असं सटकलं... अहो, सटकणार नाही तर काय! त्यांचे यजमान कुशाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात, आडवं पडलं की खोकल्याची उबळ, आणि चिमणीचा तो जळक्या काडीसारखा वास खिडकीतनं थेट नाकात! म्हणून तर बाईंनी हेलपाटे घालून घालून हा हवा मोजणारा सरकारी साहेब आणला होता. मोजा म्हणाल्या, एकदा मोजाच!

साहेबानं गच्चीवर झडपांची लाकडी पेटी टांगली. आत नळकांडं, त्यावर काळपट लेप. 'गंधकाचा वायू याला चिकटतो, महिन्यानं काढून किती चिकटला ते मोजू. ज्वालामुखीतनं निघतो ना, तोच हा वायू!' बाई म्हणाल्या, 'ज्वालामुखी मेला अधनंमधनं निजतो तरी! ही सटवी तिन्ही पाळ्या ओकते! मोजा, एकदा मोजाच!'

आणि नशीब बघा... दुसऱ्याच दिवशी हरताळ! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! गिरण्या बंद, चिमण्या गार, आणि कुशाबा पाय पसरून चक्क घोरतायत हो! बाई बघत बसल्या, डोळ्यांना धार. खाली नाक्यावर अश्रुधूर सोडला होता म्हणा, पण सगळंच पाणी काही त्याचं नव्हतं.

हरताळ सुटला, चिमणी पेटणार, तेवढ्यात साहेब धापा टाकत हजर! 'दंगलीत पेटी फुटली तर? सरकारी माल आहे!' गेला की घेऊन! महिन्याची पेटी आठवड्यात! आणि परवा येऊन हा निकाल... उत्तम!

बाईंनी त्याचं मनगट धरलं, फरफटत गच्चीवर नेला, चिमणीसमोर उभा केला. 'घ्या श्वास! घ्या की, उत्तम आहे ना?' घेतला बिचाऱ्यानं. लालबुंद झाला, वाकला, खोकून खोकून चष्मा खाली! 'आता मोजा! एकदा मोजाच!'

'खोकला... खोकला मोजायची सोय नाही, बाई, आमच्या खात्यात...'

पाणीसुद्धा बाईंनीच पाजलं. जाताना म्हणतो, 'पुढच्या वर्षी पुन्हा पेटी लावू. तोवर खिडकी बंद ठेवा.'

काय करता? ठेवली बंद. आता शेगडीचा धूर घरातच कोंडतो, आणि कुशाबा खोकत खोकत बायकोला समजावतात, 'असू दे गो, हा धूर आपल्या घरचा तरी आहे!'