बिनवासाची डबी

टक्!

एवढाच आवाज, मंडळी. दुपारचं सामसूम घर, आणि आतल्या खोलीत कसलंसं झाकण उघडलं — टक्! पण थांबा, आधी एक सांगा: लेकराला आवडतं ते द्यावं, की सोसतं ते? हां, माना लगेच डोलवू नका!

निफाडची थंडी. शाल्मलीची लेक रेवू, साडेतीन वर्षांची. नवरा सहा महिने झाले, बोटीवर. घरात बोलायला दोघीच — त्यातली एक बोबडी!

रेवूचे ओठ उललेले, कडेनं लालभडक. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, बेंबीत तूप घाल!" घातलं. फ्रॉकला डाग पडले, ओठ तसेच!

तर शाल्मली आत डोकावली. काय पाहते? बाबांनी जाताना दिलेली स्ट्रॉबेरीची लिपबामची कांडी! लेक लावतेय, चाटतेय, पुन्हा लावतेय.

"रेवू! खातेस काय ते?"

"बाबांचा वाश येतो याला!"

शाल्मली तिला कडेवर घेऊन तडक औषधांच्या दुकानात. तिथल्या शिंपीकाकू म्हणाल्या, "वास नको, रंग नको, चव तर नकोच! मेंथॉल, कापूर — लांब ठेव. अगं, मुलांच्या ओठावरचं पोटातच जातं. गोड लागलं की चाटतात, चाटलं की आणखी उलतं. ही साधी पेट्रोलियम जेली ने. आठवड्यात बरं वाटलं नाही, तर डॉक्टरांना दाखव."

"पण ती कांडी तिच्या बाबांनी..."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तू लाव की. तुझेही फुटलेत."

मंडळी, सहा महिन्यांत तिच्या ओठांकडे कुणी पाहिलं नव्हतं! डोळे भरले बाईचे — भर दुकानात!

घरी आल्यावर कांडी गेली कपाटावर. रेवूनं घर डोक्यावर घेतलं. रडून रडून दमली, तेव्हा आईनं मांडीवर घेऊन बोटानं हळूच जेली लावली.

संपलं आख्यान? छे! आज घरी जाऊन तुम्ही डब्या उलटून बारीक अक्षरं वाचाल. वाचा, जरूर वाचा! पण पोर एखादी वस्तू कवटाळून बसतं, ते कशासाठी — हे कुठल्या डबीवर छापलेलं असतं हो? ते कोण वाचणार?

रेवूनं आईचं बोट हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग वर पाहून म्हणाली,

"आई, बाबांचा खरा वाश कशा होता गं?"