स्मारकाच्या शिळेवरून उतरवलेली ओळ

जबाब देणार: चुडामण वल्द उखर्डू, वय ४८ वर्षे, धंदा शिळेवर अक्षरे कोरणे, राहणार राजपुरा, बुरहानपूर, जिल्हा निमाड. तारीख १४ ऑगस्ट १९४८, शनिवार, दुपारी साडेतीन.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो तो मजकूर असा. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरे दुकानांच्या पाट्या पाहून स्वतः शिकलो. मराठी व हिंदी लिहितो, वाचतो. इंग्रजी येत नाही.

लढाईत ब्रह्मदेशावर गेलेल्या बाँबर विमानांच्या तुकडीत आपल्या भागातले अकरा जण होते. त्यांच्या स्मारकाची काळ्या दगडाची शिळा, उंची चार फूट, रुंदी अडीच फूट, मी कोरली. ती व्यायामशाळेच्या आवारात बसवली असून उद्या सकाळी आठ वाजता फौजेचे साहेब तिच्यावरचा पडदा काढणार आहेत. वर परत आलेल्या आठ जणांची नावे, त्याखाली "कामी आले" म्हणून तीन. त्यात शेवटचे नंदकुमारचे. तो विमानात मशीनगनवर होता.

कमिटीचे सेक्रेटरी वसंतराव यांच्या यादीवरून मी कोरले. मूळ कागद पाहिल्याशिवाय मी छिन्नी लावत नाही. या वेळी लावली. ही चूक माझी.

मंगळवारी, १० तारखेला, नंदकुमारची बायको विमल सरकारी पत्र घेऊन माझ्याकडे आली. ते आम्ही सुधाकर मास्तरांकडून वाचून घेतले. विमान परतले नाही, माणसाचा पत्ता नाही, एवढेच त्यात आहे. मेला असे कुठेही नाही. विमल म्हणाली, "काका, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे. आता कुठे साडेतीन झाली. सरकार म्हणालं नाही ते तुमच्या दगडानं कसं म्हटलं?" रविवारी पडदा निघाला की सोमवारी तापीवर नेऊन तिच्या बांगड्या फोडायच्या, असे तिचा दीर देवराम याने ठरवले आहे.

मी त्याच दिवशी वसंतरावांना भेटलो. ते म्हणाले, "चुडामण, पत्रिका वाटून झाल्या. तू अक्षरं कोर, वकिली करू नको."

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी अक्षरांत रंग भरण्यास गेलो. विमल तिथे वरवंटा घेऊन उभी होती. माझ्यादेखत तिने एक घाव घातला. उजव्या कोपऱ्याची इंचभर कपची उडाली, नावाला काही झाले नाही. मी वरवंटा धरला व म्हणालो, "अशानं शिळा फुटेल, नाव जाणार नाही. घरी जा." ती म्हणाली, "मग कशानं जातं?" मी तिला फाटकापर्यंत सोडले. ती गेली.

त्यानंतर मी फाटक आतून लावले आणि नंदकुमारच्या नावाची ओळ छिन्नीने तासून उतरवली. एकोणीस इंच लांब, तीन इंच रुंद, दोन सूत, म्हणजे पाव इंच, खोल. हात फिरवला तर कड लागत नाही. मग तेच नाव वरच्या यादीत नववे कोरले. काम पाच वाजता संपले. मला कोणी सांगितले नव्हते.

आज सकाळी वसंतरावांनी फिर्याद दिली. हैदराबादकडे रझाकारांची गडबड चालू असता फौजेच्या शिळेला हात लावणे साधा गुन्हा नाही, असे त्यांचे म्हणणे. विमलने सर्व आपणच केले असे ठाण्यात सांगितले. ते खोटे आहे. वरवंट्याने असे काम होत नाही, कोणत्याही पाथरवटास दाखवा. कोठडीत घालण्याआधी तिच्या बांगड्या उतरवून घेणार, असे मी दुपारी ऐकले. जेवण टाकून आलो. ती आता बाहेर ओट्यावर बसली आहे. दोन्ही हात पदराखाली आहेत.

छिन्नी व हातोडा हजर करतो. नाव पुन्हा खाली कोरण्यास सांगितल्यास मी कोरणार नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी हे सर्व मोठ्याने वाचले. त्यात "विमल बेवा नंदकुमार", म्हणजे नंदकुमारची विधवा, असे आले. मी सही केली नाही. मुन्शीजी म्हणाले, "साडेतीन वर्षं नवऱ्याचा पत्ता नाही, बेवा नाही तर काय लिहू?" मी म्हणालो, "जौजे लिहा. बायको आहे ती." ते म्हणाले, "पाच वाजायला आले, कर सही." मी बसून राहिलो. शेवटी त्यांनी "बेवा" खोडून "जौजे" केले व खोडीशेजारी माझी सही घेतली. आता मजकूर मी सांगितला तसा आहे.