ठिगळांचा सायलेन्सर

शाळेच्या गाडीची चालकबाई फॅनबेल्ट घ्यायला पार्टच्या दुकानात आली, तेव्हा तिच्या पुढे एक तरुण ट्रकवाला उभा होता. त्याने चकचकीत सायलेन्सर काउंटरवर ठेवला होता आणि दुकानदाराचा पारा चढत चालला होता.

"फुटला का कुठे?"

"नाही."

"गाडी ओढत नाही?"

"ओढते की. चढाला नुसती पळते."

"मग आणलास कशाला? बसवलेला माल परत घेत नाही. पाटी वाच."

"नका घेऊ. माझा जुना तेवढा द्या."

"तो ठिगळांचा? तूच म्हणालास, ही ब्याद इथेच राहू द्या."

"म्हणालो खरं. ठिगळं बाबांनी मारली होती."

"भंगारात गेला रे तो. एव्हाना वितळलाही असेल."

चालकबाईने हातातला तुटका बेल्ट काउंटरवर ठेवता ठेवता मागे घेतला.

"तसाच दुसरा मिळेल?" ट्रकवाल्याने विचारलं.

"नवा मिळेल, कंपनीचा. तुला एवढं त्याचं काय पडलंय?"

"बाबांना हल्ली दिसत नाही. ट्रक वळणावर आला की त्याच्या खडखडाटावरून ओळखायचे आणि फाटक उघडून उभे राहायचे."

"आणि आता?"

"आता या नव्याची डरकाळी ऐकली की आतून कडी लावून घेतात."

दुकानदाराचा आवाज खाली आला. "हाक मारायची ना मग, फाटकातून."

"मारली काल. इंजिन चालूच होतं, त्यात माझा आवाज कुठला ऐकू जातोय. आतून म्हणाले, मुलगा ट्रक घेऊन गेलाय, तो आल्यावर या."