झाकणाची तुटलेली कड

तुम्ही मला भित्री म्हणता ना, मग हे ऐका. माझा नवरा निखिल छाणी भागातल्या वर्कशॉपमध्ये प्लास्टिकमध्ये अतिसूक्ष्म कण मिसळतो. खास टॉर्चखाली ते प्लास्टिक हिरवं चमकतं, म्हणजे भंगार निवडणाऱ्या मशीनच्या सेन्सरला ते ओळखता येतं. नमुन्याचं एक झाकण त्यानं घरी आणलं होतं. रविवारी दुपारी ते आमच्या दोन वर्षांच्या इराच्या हातात दिसलं, आणि त्याची कड तुटलेली!

"गिळलं हिनं! दवाखान्यात चल!"

"शांती राख ना. हे सापडावं म्हणूनच तर बनवलंय."

त्यानं पडदे ओढले, टॉर्च लावला. इराचं तोंड, मुठी, फ्रॉक, गादी, कुठेच काही नाही. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात इरानं माझ्याकडे बोट दाखवलं. "आई, हिव्वं!"

तुकडा माझ्या ओढणीत अडकला होता. मग आठवलं. इराच्या दातांनी ते तुटेल का, हे बघायला सकाळी मीच झाकण चावलं होतं. कट्ट आवाजही झाला होता, पण मी आरशात दात तपासला, झाकण नाही. माझी काळजी ही अशी. धोका शोधायला निघते आणि वाटेत स्वतःच तयार करते.

पडदे उघडताना निखिल एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी टॉर्च आधी तुझ्यावर."