खिशातला फ्यूज

सोलापूरच्या स्टँडवर वळसंगच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं भीमा वायरमन होता. त्याला शोधत यंत्रमागांचे मालक चन्नवीरशेठ आले.

"भीमा, मेनचा फ्यूज काढून निघालास व्हय? दे हिकडं."

"न्हाय देत. माग आन् भिंतीच्या मधी वीतभर जागा. तितं वायर दुमडून कोंबलीया. वरचं रबर सोलून तांबं दिसाय लागलंय."

"चिंधी गुंडाळ की."

"चिंधीच हाय शेठ, तुमीच गुंडाळलेली. जळून काळी झालीया."

"फ्यूज माझा हाय."

"व्हय, तुमचाच. पण काम हातात घेतलं की फ्यूज वायरमनच्या खिशात. नवी वायर नळीतनं वरनं नेतो, मग घ्या."

"मी फ्यूजच्या जागी तार घालून माग चालू करतो."

"करा की. त्याच भिंतीला, मागाच्या शेजारी टेकून सुंदरम्मा सुताच्या कांड्या भरती. आज तिला उठवा, तितं तुमी बसा."

गाडी लागली. रांग पुढं सरकली. दोघंही हलले नाहीत.

"वायर किती लागंल?"

"अठरा फूट. नळी बी आणा."

"आणतो. फ्यूज तरी दे."

"आदी वायर."

"गाडी चुकंल तुझी."

"चुकू द्या. फ्यूज खिशातच ऱ्हातोय."