चार दिवे, तीन टक्के

चार दिवे! अहो, झोपताना एकच दिवा होता, आणि सकाळी तंबूत डोळे चोळत बघते तर पॉवर बँकेवर चारच्या चार दिवे झगझगतायत! तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. मलाही क्षणभर तसंच वाटलं, पण मग माळरानावर, तंबूत, ती रात्रभर भरली कशानं? म्हणून मोबाईल उचलला. गरम! आणि स्क्रीनवर? तीन टक्के. मी अशी किंचाळले, अशी किंचाळले, की बाहेर दात घासणाऱ्या मावशीनं चूळ गिळली.

झालं होतं असं, की वायर होती दोन्ही टोकं सारखी असलेली. अशी वायर लावली की कुणी कुणाला वीज द्यायची हे म्हणे त्या दोन यंत्रांनी आपसात ठरवायचं. आणि माझा मोबाईल पडला माझ्यासारखाच भिडस्त! ती पॉवर बँक म्हणाली असेल, "अरे, थोडी दे ना," की यानं रात्रभर स्वतःला ओतलं तिच्यात. नाही म्हणायला नको का? आता मी कुणाला सांगणार म्हणा.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. वय एकसष्ट, आयुष्यभर शाळेत मुलींना कवायत शिकवली, आता निवृत्त, आणि आता ती कवायत फक्त माझ्याकडून करून घेते. "पाच दिवस सायकल, तंबू, मोकळी हवा! सारखी दचकतेस ना, ती सवय जाईल तुझी." गेली का? परवा स्वतःच्या सायकलच्या घंटीला दचकले मी!

आणि मोकळी हवा कसली... आमच्याकडे दोन मोबाईल, पुढचे दोन दिवे, मागचे दोन लाल दिवे, तंबूतला कंदील आणि मावशीचे ठोके मोजणारं घड्याळ. सगळे भुकेले! निसर्गात गेलो म्हणजे काय, तर झाडाखाली बसून टक्के मोजत होतो. मावशीनं माझ्या चाकाला डायनामो बसवून दिला होता, हो. पण त्याला ताशी पंधराचा वेग लागतो, आणि मी अकरानं जाते. उतारावर जाते की पंधरानं! पण उतारावर मी ब्रेक दाबते ना.

तर त्याच, तिसऱ्या दिवशीच्या सकाळी मावशी नेहमीसारखी पुढे निघाली. "तळ्याकाठी भेटू, जेवायच्या वेळेला. तू ये हळूहळू." मी नऊच्या सुमाराला एका छोट्या गावाच्या फाट्यावर थांबले, म्हटलं आता मोबाईलला त्याचीच वीज परत पाजू. काळा बटवा उघडला... आत गोळ्या! मावशीच्या ब्लड प्रेशरच्या! आमचे दोघींचे बटवे एकाच दुकानातून फुकट मिळालेले, एकसारखे. म्हणजे पॉवर बँक घेऊन मावशी पुढे, आणि तिची दुपारची एक वाजताची गोळी माझ्या हातात. गेल्या वर्षी एकच दिवस गोळी चुकली तर स्वयंपाकघरात भिंत धरून खाली बसली होती ती. तिथे भिंत तरी होती! सायकलवर काय धरणार? आणि फाट्यावर पाटी काय? डावीकडे बाण, तळे. उजवीकडे बाण, तळे. नकाशा मोबाईलमध्ये. मोबाईल एक टक्का.

मी घाईघाईनं मावशीचा नंबर तळहातावर लिहून घेतला, शेवटचा आठ हा आकडा लिहिला आणि मोबाईलनं मान टाकली.

समोर एका शिंपीकाकांचं दुकान होतं. मी पिशवीतला चार्जर पुढे करून रडवेल्या आवाजात विचारलं, तर तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले, "लावा की! वीज काय माझ्या घरची आहे?" तुम्हाला सांगते, कुणी म्हणून नाही म्हणालं नाही! पण पॉइंट एकच, आणि तो इस्त्रीचा. कॉलर आली की मोबाईल काढायचा, इस्त्री लावायची. कॉलर झाली, मोबाईल. बाही आली, इस्त्री. त्यात गिऱ्हाईकाला बारा वाजता लग्नाला जायचं होतं आणि तो नुसत्या बनियनवर माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याचा सदरा अडवलाय. काकांनी स्वतःचा फोन दिला, म्हणाले, "लावा मावशींना." लावला. रिंग गेली... कट! पुन्हा लावला, कट! अहो, मावशी अनोळखी नंबर घेतच नाही. एकदा कुणीतरी गोड बोलून तिला पाऊण तास गुडघ्याचं तेल विकत होतं, तेव्हापासून बंद. पण कट करतेय म्हणजे हात चालतोय, म्हणजे शुद्धीवर आहे! मी काकांचे असे आभार मानले, असे मानले, की ते म्हणाले, "अहो, उचलला कुठे?"

माझ्याच नंबरवरून फोन गेला पाहिजे, हे आता नक्की झालं. काकांनीच शेजारी झेरॉक्सच्या दुकानात पोचवलं. तिथल्या ताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. कुणी म्हणून नाही म्हणालं नाही! फक्त कॉपी निघाली की दिवा मंद व्हायचा आणि मोबाईल 'टुंग' करून सुटायचा. कॉपी झाली की 'टुंग', परत लागायचा. आणि एक मुलगी घेऊन आली दोनशे पानांचा प्रबंध! टुंग. टुंग. प्रत्येक टुंगला मी खुर्चीतून वीतभर वर. ताई म्हणाल्या, "तुम्हाला काही होतंय का?" मी म्हटलं, "नाही, सवय आहे." मोबाईल दोन टक्क्यांवर चालू झाला, कंपनीचं ते हात हलवणारं चित्र दाखवलं, आणि त्या कौतुकातच संपला! ताईंच्या फोनवरून लावून पाहिलं. या वेळी कटसुद्धा केला नाही. नुसती रिंग... नुसती रिंग... मला सगळीकडे खड्डे दिसायला लागले, आणि प्रत्येक खड्ड्यात मावशी.

बारा वाजून गेले होते. ताई म्हणाल्या, "डॉक्टरांकडे इन्व्हर्टर आहे, तिथे भरभर होईल," आणि दुकान तसंच टाकून मला वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. दातांचे डॉक्टर! त्या घुर्रर्र आवाजालाच मी जिन्यात दोनदा बसले. पण डॉक्टर इतके भले, म्हणाले, "या, या! बाहेर पॉइंट नाही, आत खुर्चीजवळ आहे." कुणी म्हणून नाही म्हणालं नाही! माझी वायर हातभर. मोबाईल हातात धरायचा तर बसायचं कुठे? खुर्चीत! बसले. खुर्ची आपोआप मागे गेली, दिवा तोंडावर आला, आणि डॉक्टर अगदी मायेनं म्हणाले, "आता बसलाच आहात, तर आ करा."

आता सांगा, ज्या माणसानं वीज दिली त्याला नाही कसं म्हणायचं? मी आ केला.

"अरे वा, खालची दाढ किडलीय की! दहा मिनिटांचं काम. पैसे-बिसे काही नको, तुम्ही पाहुण्या." मी स्क्रीनकडे पाहिलं. पाच टक्के. उठले तर वायर निघणार. सकाळपासून मला कुणी म्हणून नाही म्हणालं नव्हतं... मीही नाही म्हणाले नाही! सुई पाहिली आणि डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा अर्धा चेहरा माझा राहिला नव्हता आणि मोबाईल बारा टक्के होता!

लावला फोन. माझ्या नंबरवरून! रिंग... रिंग... बंद. परत. रिंग... रिंग... डॉक्टरांनी मशीन थांबवलं. झेरॉक्सच्या ताई दारात, शिंपीकाका गळ्यात टेप घालून जिन्यात, लग्नाला उशीर झालेला गिऱ्हाईकही नव्या सदऱ्यात त्यांच्या मागे. कोण कुठली मी, दोन टक्के मागायला आलेली, आणि ही सगळी माणसं माझ्या मावशीसाठी श्वास रोखून उभी! डोळ्यांतलं पाणी कानात चाललं होतं. घड्याळात एकला दहा कमी. तिसऱ्यांदा लावला. रिंग... रिंग...

"हॅलो! अगं, तडमडलीस कुठे? मोबाईल सायकलच्या पिशवीत तळाशी होता माझा. डबा उघडून बसलेय इथे, गोळीशिवाय! डावीकडच्या तळ्यावर आहे मी, उजवीकडच्या नाही. तू आहेस कुठे? बरी आहेस ना? बोल!"

ओरडत होती! म्हणजे ठणठणीत होती! सांगायला किती होतं माझ्याकडे... दोन्ही गालांत कापूस, ओठ कुणा दुसऱ्याचा, जीभ बेपत्ता... आणि मी, देवाशपथ, सगळा जीव एकवटून म्हणाले,

"आऽऽऽ."